टाचांमधलं वजन

नारायणशेठला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगीच वाट पाहत बसू नये. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटी अंथरुणाला खिळला होता, तेव्हा गावातल्या दोघातिघांनी मला सांगून पाहिलं, की विलास, एकदा भेटून ये, तू मास्तर माणूस. मी गेलो नाही. मयतीलाही गेलो नाही. त्या दिवशी उटनूरच्या शाळेत सातवीच्या वर्गाला क्षेत्रफळ शिकवलं आणि चांगलं शिकवलं. आता माझीच नोकरी संपत आली, गुडघे धरतात, जिना चढताना कठडा लागतो. बायको म्हणते, राग धरून धरून तुमचं पित्त वाढलं. वाढलं असेल. पण काही राग असे असतात की ते गेले तर त्या जागी काय ठेवावं हे आपल्याला कळत नाही, म्हणून मी तो राहू दिला आहे.

आमचं घर तेलंगणात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, तलमडुगु मंडलातल्या एका खेड्यात, गावाच्या बुडाशी, बौद्धांच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढं कुडाची पडवी, पडवीत चूल. बा आदिलाबादला जिनिंगमध्ये हमालीला जायचा आणि परत आला की त्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा भुरा असायचा. तो फार बोलत नसे. बोलायची माझी माय, सुभद्रा. भाकरी थापतानाही बोलायची, आणि तिच्या बोलण्याचा आणि थापण्याचा ठेका एकच होता. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, त्यावर कच्च्या तेलाची धार, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बाराही महिने तेच, आणि बाराही महिने मला तेच हवं असायचं. ज्वारी निसवली की मला मचाणावर पाठवायचे, पाखरं हाकलायला. गोफण माझ्याकडून नीट फिरत नसे, दगड मागेच जायचा, म्हणून मी ओरडायचो. दिवस उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत नुसता ओरडायचो. चार वावरं ओलांडून आवाज जायचा आणि माय खालून म्हणायची, "लेका, तुह्या अंगात हाडं कमी अन् घसाच जास्त हाय." खरंच तसं होतं. अंगाने मी काडीसारखा, पण आवाज खणखणीत. पुढे जे काही झालं ते या दोन गोष्टींमुळे झालं.

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की माय वेचणीला जायची. नारायणशेठची गावात पन्नासेक एकर जमीन आणि आदिलाबादला कापसाच्या खरेदीचं दुकान. वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर बाया ओटीत कापूस भरायच्या, बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं चिरायच्या, आणि संध्याकाळी वावराच्या बांधावर तीन बांबूंच्या तिकाटीला टांगलेल्या तराजूवर प्रत्येकीचं गाठोडं तोललं जायचं. मायचा हिशेब पक्का होता. अमुक इतक्या ओट्या म्हणजे वीस किलो. दुसऱ्याच्या वावरात तेवढ्या ओट्यांना वीसच भरायचे. शेठच्या वावरात साडेअठरा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दरवर्षी, दर संध्याकाळी. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. शाळा सुटली की तिला आणायला जायचो. एका संध्याकाळी ती तराजूपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "शेठ, लोकाच्या वावरात येवढंच येचलं तं ईस भरते. तुमच्याच काट्यात काऊन कमी भरते?"

शेठ खाटेवर बसला होता. त्याने मान वर केली नाही. "काटा बरोबर हाय. तुह्या ओटीत खोट असंन. कापूस कुठं लपवला ते दाखव. झाड पदर."

वीस-बावीस बाया होत्या, दोन गडी होते, आणि कापसाच्या ढिगावर शेठचा मुलगा गजानन पेरू खात बसला होता, माझ्याच वयाचा. मायने आधी पदर झाडला. मग ओटी सोडली आणि झाडली. तंबाखूची चंची पडली आणि चंचीच्या मागोमाग गुळाचा एक खडा पडला. तो माझ्यासाठी होता. ती रोज दुपारच्या भाकरीतला गूळ माझ्यासाठी ठेवायची. शेठ म्हणाला, "उचल, तुहंच हाय ते," आणि दोघे गडी हसले. मायने चंची उचलली. गूळ उचलला नाही, मीही उचलला नाही. मी खाली बघत होतो, आणि खाली माझ्या नाकासमोर तराजूच्या पारड्यात पाच किलोचं वजन होतं. त्याची कडी एका बाजूला वाकलेली, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. ते मी इतका वेळ पाहिलं की आजही डोळे मिटून त्याचं चित्र काढू शकेन. दुसऱ्या दिवसापासून माय तीन कोस लांबच्या वावरात वेचणीला जाऊ लागली. या गोष्टीवर घरात पुन्हा कधी कोणी बोललं नाही. पण गावात दोन वर्षं तरी माय पाणवठ्यावर गेली की कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगायचं. चोरटी म्हणून एकदा नाव पडलं की ते पुसायला कुणी येत नाही.

आदिलाबादच्या कॉलेजात गेलो तेव्हा हॉस्टेलला जागा मिळाली. कॉलेजात त्या वर्षी नावा वल्हवायचा क्लब सुरू झाला होता. आमच्या भागात हे खूळ कसं शिरलं असं आज लोक विचारतात. हैदराबादहून कुणाच्या तरी जुन्या झालेल्या दोन लांबुळक्या बोटी कॉलेजला मिळाल्या होत्या, शहरापासून काही अंतरावर मोठा तलाव होता, आणि आमचे क्रीडाशिक्षक नरसय्या सर हैदराबादला शिकताना या खेळाचे वेडे झाले होते. एवढं पुरलं. मी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मित्राला हाक मारली आणि सर ऑफिसातून बाहेर आले. "ये किसका आवाज है? इधर आ." मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दंड धरून पाहिला, आणि खूश झाले. त्यांना असाच माणूस हवा होता, वजनाने नसलेला आणि आवाजाने असलेला.

या बोटीत चौघे वल्ही मारतात आणि चौघेही पाठमोरे बसतात. जायचं त्या बाजूला त्यांची पाठ, मागे सुटलं त्या बाजूला तोंड. पुढचं दिसतं ते एकालाच, मागच्या टोकाला दोन्ही हातांत सुकाणूच्या दोऱ्या धरून बसलेल्याला. त्याला कॉक्स म्हणतात. तो वल्हं मारत नाही. तो बोट वळवतो आणि ओरडतो, आणि चौघे त्याच्या आवाजावर वल्ही पाण्यात घालतात. त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, जो बसतो तो स्ट्रोक. बाकी तिघे त्याची लय धरतात. पहिल्या दिवशी मी बोटीत बसलो आणि समोर स्ट्रोकच्या जागी नारायणशेठचा गजानन येऊन बसला.

त्याने मला ओळखलं नाही. "काय नाव तुहं?" विचारलं. मी विलास म्हणालो. कुठला, तर तलमडुगुकडचा. "आमचं वावर हाय तिकडं," तो म्हणाला, आणि हसला. त्याला बापाचा जबडा होता आणि आईचे डोळे असावेत, कारण ते डोळे बापाचे नव्हते. मी त्या दिवशी ठरवलं की हा क्लब सोडायचा नाही. कॉलेज सुटलं तरी चालेल.

हंगाम पावसाळा सरल्यावर, तलाव तुडुंब असताना. सकाळी कॉलेजच्या मेटाडोरमधून आम्ही बांधावर जायचो. पाण्यावर वाफ असायची, पलीकडच्या काठाला भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी ओढत असायचे आणि आमच्याकडे बघून हसायचे. वल्हं पाण्यात शिरताना एक आवाज यायचा, निघताना दुसरा, आणि चौघांचा एकदम आला तर तो एकच भासायचा. तो एकच आवाज यायला आम्हाला महिना लागला. मधले दोघे तेलुगू, चौथा उटनूरकडचा गोंड मुलगा, म्हणून मोजणी तेलुगूत. ओकटी, रेंडु, मूडु. आणि शर्यतीत शेवटी जीव काढायचा असेल तेव्हा मी "पदि" म्हणायचो. पदि म्हणजे दहा. तो शब्द ऐकला की चौघांनी दहा हात असे मारायचे की अकरावा मारायला काही शिल्लक राहू नये. ते दहा मागायचा अधिकार फक्त माझा होता. सर म्हणायचे, कॉक्सने मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत आणि मागितले तर नाही म्हणायचं नाही.

मी भरपूर मागितले. खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख होतं. गजाननला सगळे गजू म्हणायचे. गजूच्या हातांना पहिल्याच आठवड्यात फोड आले, ते फुटले, त्याखाली नवे आले. रोज समोर बसून मी ते बघायचो आणि मायची चिरलेली बोटं आठवून आणखी दहा मागायचो. तो दात ओठ खाऊन ओढायचा. कधी कुरकुर केली नाही. सराव झाला की बांधावर बसून डबा उघडायचा. गव्हाच्या पोळ्या, तूप, जवसाची चटणी, कधी भरल्या वांग्याची भाजी. अर्धा डबा माझ्यापुढे सरकवायचा. "खाय ना बे. तुहं वजन वाढलं तं बोट बुडनार नाई." मला पोहता येत नव्हतं, तेही त्यानेच शिकवलं, कमरेला लुगड्याचा तुकडा बांधून. मी त्याच्या पोळ्या खाल्ल्या, त्याच्याकडून पोहणं शिकलो आणि काहीएक विसरलो नाही. आज मागे वळून बघताना त्या मुलाची, म्हणजे माझी, मला थोडी भीती वाटते.

मग वजनाचा प्रश्न आला. शर्यतीत कॉक्स पन्नास किलोचा लागतो. कमी असेल तर उरलेलं वजन त्याने जवळ बाळगायचं, म्हणजे हलक्या कॉक्सचा फायदा कुणाला मिळू नये. मी त्रेचाळीस होतो. सात किलो हवे होते. सरांनी सांगितलं, वाळूची पिशवी शिवून घ्या. गजू म्हणाला, "वाळू काऊन? आमच्या गोदामात जुनी वजनं पडली हायत. बाबानं अवंदा नवा काटा घेतला." दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळून घेऊन आला. दोन किलोचं एक आणि पाच किलोचं एक. पाचाची कडी वाकलेली होती आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता.

मी ती बसण्याच्या फळीखाली, दोन्ही टाचांच्या मध्ये ठेवली. त्या दिवशी बोट मी सरळ नेऊ शकलो नाही. सर काठावरून ओरडत होते. संध्याकाळी पोतं हॉस्टेलला घेऊन आलो. स्वयंपाकघरात यादम्मा नावाची बाई असायची. ती भाज्या आणि तांदूळ तोलून घ्यायची, तिच्या तराजूवर आणि तिच्या वजनांवर, आणि कंत्राटदाराला कांद्याचीही सूट देत नसे. मी तिला म्हणालो, अम्मा, जरा पारडं दे. एका बाजूला तिचं पाच ठेवलं, दुसऱ्या बाजूला माझं. माझं पारडं धपकन खाली बसलं. ते वर आणायला तिच्या बाजूला चार कांदे आणि एक बटाटा टाकावा लागला. यादम्माने आपलं वजन उचलून पाहिलं, मग माझं उलटं करून पाहिलं. अशा वजनांच्या बुडाला एक खोबण असते, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर सरकारी शिक्का. इथे खोबण काठोकाठ भरून वर आली होती आणि शिक्का नव्हता. "दोंगा," ती म्हणाली. चोर. तिला वाटलं मीच. मी तिला काही सांगितलं नाही. कांदे परत टोपलीत ठेवले आणि खोलीवर जाऊन पडलो. माय बरोबर होती. तिच्या ओट्या बरोबर होत्या. वीस म्हणजे वीसच होते.

आता कुणी विचारेल की त्याच वेळी सरांना का सांगितलं नाही. पुढे सरांनीही हेच विचारलं. मी तीन महिने ते वजन टाचांमध्ये घेऊन बसलो. दोन्हीचं मिळून सहाशे ग्रॅम जास्त ओझं माझी बोट रोज ओढत होती, माझेच चार मित्र ओढत होते, आणि मी तोंड उघडलं नाही, कारण मला चार माणसांत सांगायचं नव्हतं. मायला वीस-बावीस बायांसमोर पदर झाडायला लावला होता. मला त्याहून जास्त माणसं हवी होती. आणि ती मिळणार होती. त्या वर्षीची कॉलेजांची शर्यत आमच्याच तलावावर व्हायची होती आणि विजेत्यांना द्यायचा कप नारायणशेठने दिला होता. मांडवही त्याचाच. पत्रिकेवर त्याचं नाव सगळ्यात वर, प्राचार्यांच्याही वर.

मायला मी स्वतः जाऊन आणलं. ती यायला तयार नव्हती. "म्या काय पाह्यचं तिथं? पान्यात पोरं बसतेत, त्ये काय पाहनं झालं?" म्हणाली. मी म्हणालो, मी त्या बोटीचा मालक आहे, सगळे माझं ऐकतात. हे तिला पटलं. पेटीतलं ठेवणीतलं हिरवं पातळ नेसली, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घेतला आणि बसमध्ये खिडकीशी बसली. बांधावर जत्रेसारखी गर्दी होती. आमच्याकडचे, भीमपूरकडचे, तलावाच्या कालव्यावरचे शेतकरी बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन आले होते. त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी शेठच्या काट्यावर कापूस घातलेला. शेठ पांढऱ्या धोतरात, गळ्यात हार, टेबलावरच्या कपाजवळ खुर्ची टाकून बसला होता. बाहेरची दोन कॉलेजं लॉरीवर बोटी बांधून आली होती.

मांडवाच्या तोंडाशीच कॉक्सची वजनं व्हायची होती. हैदराबादहून आलेले पंच सोबत काटा घेऊन आले होते, वर उभं राहायचा, तबकडीवर सुई फिरणारा. बाहेरच्या दोघांचं झालं. मग माझं नाव घेतलं. मी वर चढलो, त्रेचाळीस. पंच म्हणाले, "अब वजन हाथ में ले." मी खाली उतरलो.

"साब, पहले खाली वजन तौलो. मेरे बगैर."

"काहे कू?"

"तौलो ना साब."

त्यांनी वैतागून पाचाचं वजन काट्यावर ठेवलं. सुई पाचावर थांबली नाही. पाच किलो चारशेवर थांबली. दोनाचं ठेवलं, दोन किलो दोनशे. पंचांनी खांदे उडवले. "ज्यादा है तो चलता. कम नहीं होना." आणि लिहायला लागले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. पण पुढच्या रांगेत एक म्हातारा शेतकरी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तो म्हणाला, "कोनाची हायत रे ही वजनं?"

मचाणावर जसा ओरडायचो तसा मी ओरडलो. लाउडस्पीकरची गरज नव्हती. "नारायणशेठच्या दुकानाची. कापूस घ्याची. पाचाला चारशे ग्रॅम जास्त, इतकी वर्सं."

बांधावर बोलणं थांबलं. थांबलं म्हणजे मागच्या रांगेपर्यंत पोचायला वेळ लागला, मग तिथेही थांबलं. माणसं मनात आकडे लावत होती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेठ उठला. मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. पडला नाही. तो हसला आणि पंचांकडे वळला. "गड्यानं केलं असंन. आजकाल गड्यावर भरोसा नाई राह्यला."

आणि माणसं माना हलवायला लागली. हो, गड्याने केलं असेल. इतक्या वर्षांनंतर, इतक्या तयारीनंतर, ते सगळं एका बिनचेहऱ्याच्या गड्यावर जाऊन पडत होतं. तेवढ्यात माझ्या मागून गजू बोलला. आवाज मोठा नव्हता त्याचा. "गडी नव्हता बाबा. लहान होतो तवा शिसं म्या पातळ केलं होतं चुलीवर, तुमीच शिकवलं. अन् तुमी ओतलं." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "आमच्या घरी ते पाचच होतं बे. मले याद बी नव्हती."

शेठ आता हसत नव्हता. आणि तेव्हा माय पुढे आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, काही शिकवलं नव्हतं. ती शेठच्या समोर चार हातांवर उभी राहिली आणि तिने पदर खांद्यावरून काढून दोन्ही हातांनी झाडला. मग कमरेचा खोचा सोडला आणि तोही झाडला. बसचं तिकीट पडलं. ते तिने वाकून उचललं.

"पाहून घ्या शेठ," ती म्हणाली. "आजबी काई नाई."

शेठने मान फिरवली. कपाशी काहीतरी करायला लागला, हार नीट करायला लागला. माय वळली आणि बायांमध्ये जाऊन उभी राहिली, आणि बायांनी तिला जागा करून दिली. मी तिथेच थांबायला हवं होतं. माझं काम झालं होतं. पण मी थांबलो नाही.

वजनाऐवजी वाळू घेऊ का म्हणून सर विचारत होते. गजूने ती दोन्ही वजनं उचलली आणि बोटीत माझ्या टाचांच्या जागी ठेवली. "हेच घेऊ," म्हणाला. त्याचा मला राग आला. ओझं त्याचं होतं आणि ते त्याने आपणहून उचललं होतं, म्हणजे मी लादलेलं काहीच उरलं नव्हतं.

शर्यत मला काल झाल्यासारखी नीट आठवते. सुरुवातीला आम्ही मागे, मग अर्ध्यावर बरोबरीने, एक बोट तर केव्हाच मागे पडली. चौघांचा आवाज एकच येत होता. तशी बोट त्याआधी कधी पळाली नव्हती. शेवटचं अंतर मांडवासमोरून जात होतं. बाजूची बोट आमच्याहून हातभर पुढे होती आणि त्यांचं संपत आलं होतं, मला त्यांच्या वल्ह्यांवरून कळत होतं. आमच्याकडे दहा हात होते. गजू माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त माझं तोंड दिसत होतं, आणि तो "पदि" ऐकायची वाट पाहत होता.

मला मात्र पुढचं दिसत होतं. टेबल दिसत होतं, कप दिसत होता, शेठ उभा राहिलेला दिसत होता. आम्ही जिंकलो तर तो मुलाला मिठी मारणार, कप त्याच्या हातात देणार, फोटो निघणार, टाळ्या पडणार, आणि त्या टाळ्यांत चारशे ग्रॅम वाहून जाणार. लोकांना विसरायला निमित्तच हवं असतं. मी तोंड मिटलं. सुरुवातीपासून तलावभर माझा आवाज घुमत होता तो बंद झाला. चौघे त्याच लयीत ओढत राहिले, न मागितलेलं देता येत नव्हतं म्हणून. अर्ध्या बोटीने हरलो.

जिंकणाऱ्यांनी आपल्या कॉक्सला उचलून पाण्यात फेकायचं, अशी या खेळात रीत आहे. त्यांनी त्यांच्या कॉक्सला फेकलं, तो ओरडत वर आला, सगळे हसले. मी कोरडाच काठावर उतरलो. दुसऱ्या दिवशी सरांनी फक्त तीन महिने गप्प का राहिलास एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. मी पुन्हा त्या बोटीत बसलो नाही. शेठच्या काट्यावर मात्र त्यानंतर आमच्या भागातल्या बाया आपली वजनं घेऊन जायला लागल्या, आणि दोन वर्षांत त्याने गावातली जमीन बटाईने देऊन टाकली. मायला चोरटी म्हणणारं कुणी उरलं नाही. तोंडाने मात्र शेठ कधीच काही म्हणाला नाही, म्हणून माझंही अजून मिटलेलं नाही.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये माय पाचाचं वजन मांडीवर घेऊन बसली होती. गजूने बोटीतून काढून तिच्या पायाशी ठेवलं होतं. बस सुटल्यावर बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आखरीले तुहा आवाज काऊन बंद झाला?"

"घसा बसला."

"तुहा घसा कधी बसला नाई," ती म्हणाली. मग फडकं सोडून मला भाकरी दिली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

ते वजन पुढे आमच्या घरी लोणच्याच्या बरणीतल्या ताटलीवर बसायचं, कैऱ्या दाबायला. बदली होत गेली तसं माझ्याबरोबर फिरलं. आता दाराला टेकण आहे. गेल्या उन्हाळ्यात माय गेली. जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी गजू आला. आदिलाबादला त्याचं औषधांचं दुकान आहे, डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं, खांदे मात्र अजून तसेच. मधल्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटलो होतो, नमस्कारापुरते. दारात चपला काढताना त्याला ते वजन दिसलं. खाली बसला, कडीवरून बोट फिरवलं. मग पिशवीतून दोनाचं काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. इतकी वर्षं त्याच्याकडे होतं.

"मायचं हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी देयाचं राह्यलं."

आम्ही पायरीवरच बसलो. रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला, त्यामागून शाळेची पोरं गेली. मग त्याने विचारलं. चिडून नाही, औषधाचं नाव विचारावं तसं.

"तवा पदि काऊन नाई म्हन्ला?"

चाळीसेक वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. "तुझ्या बापाच्या हातून तो कप घ्यायचा नव्हता मला," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. दोनाचं वजन उचलून पाचावर ठेवलं, ते नीट बसलं का पाहिलं.

"मलेबी घ्याचा नव्हता," तो म्हणाला. "पन तू मागितले असते, तं म्या ओढले असते."

मी चहा ठेवायला आत गेलो.